‘कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं’

पत्राचा गोषवारा: पन्नाशी ओलांडलेल्या, पतसंस्थेत नोकरी करणाऱ्या एक बाई लिहितात. लहानपणी पेटी शिकले, परीक्षा अर्धवट सुटल्या. दर रविवारी सकाळी आम्ही सहाजण एकाच्या घरी जमतो आणि जुनी गाणी गातो, कधी कराओकेवर, कधी पेटी-तबल्यावर. काही वर्षांपासून मी स्वतः गाणी लिहून त्यांना चाली लावते. वहीत अकरा गाणी झाली, पण कुणाला दाखवली नव्हती. मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली तेव्हा बारावं सुचलं. धीर करून ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले, एक ‘खूप छान’. रविवारी तबल्यावरचे काका म्हणाले, “कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं.” ते फार लागलं. वर आमच्यातला एक गायक मित्र अंतरा बदलून ते गाणं गातो आणि ‘आपलं गाणं’ म्हणतो. यजमान म्हणतात, या लोकांत वेळ घालवू नकोस, स्टुडिओत रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाक. मैत्रीण म्हणते, आधी कॉपीराइट घे, नाहीतर कुणीतरी ढापेल. मी वही कपाटात ठेवून दिली आहे. गाणी दाखवावीत का? आणि अर्धवट गाणी तर दाखवूच नयेत ना?

---

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी पेटी काढली. शब्दांखाली स्वरही लिहून पाठवलेत हे फार बरं केलंत, नाहीतर मी नुसत्या भावनांना उत्तर देत बसले असते. मुखडा वाजवून पाहिला:

तुझ्या खोलीतला पंखा
अजून तीनवरच आहे

पुढे जायच्या आधी मी हा दोनदा गायला. घर सोडून गेलेल्या मुलीवरची गाणी खूप ऐकली आहेत. त्यात अंगण असतं, तुळस असते, रिकामा झोपाळा असतो. रेग्युलेटरचं बटण कुणी फिरवलेलं नाही, हे त्यातल्या एकाही गाण्यात नव्हतं. त्याचं वजनही बघा. दोन्ही ओळी चौदा-चौदा मात्रांच्या. केरवा हा आठ मात्रांचा ताल, त्याची दोन आवर्तनं म्हणजे सोळा मात्रा, तेव्हा प्रत्येक ओळीनंतर दोन मात्रांचा श्वास आपोआप मिळतो. ‘तीनवर’ला तो ‘च’ लावला नसता तर ओळ एका मात्रेने लंगडली असती, आणि अर्थही लंगडला असता. हे तुम्ही मोजून केलंत की कानाने, मला ठाऊक नाही. कानाने केलं असेल तर वही कपाटात ठेवण्याचा तुम्हाला काही अधिकार नाही.

आता तुमच्या रविवारच्या मंडळींकडे येऊ. तीन अंगठे आणि एक ‘खूप छान’ याचा अर्थ तुम्ही लावलात की गाणं आवडलं नाही, तोंडदेखलं कौतुक केलं. मला वाटतं, त्यांना काय बोलायचं हेच कळलं नाही. कराओके गाणाऱ्यांच्या कानाला एक सवय लागलेली असते: मूळ गाणं डोक्यात असतं आणि समोरचा त्याच्या किती जवळ गेला ते बघायचं. अमुक हरकत आली, तमुक जागा सुटली. तुमच्या गाण्याला मूळच नाही. मोजायला हातात पट्टी नसली की माणूस एकतर गप्प बसतो किंवा अंगठा दाखवतो. शिवाय तुम्ही त्यांना विचारलंत काय? काहीच नाही. गाणं टाकलंत, खाली हात जोडलेलं चित्र टाकलंत. त्यावर याहून वेगळं काय येणार?

काकांनी निदान काहीतरी बोलून दाखवलं. त्यांच्या बोलण्याचा तुम्ही अर्थ काढलात, “तू चाल चोरलीस.” ते तसं म्हणाले नाहीत. “कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतं” म्हणाले. हे वाक्य ऐकलं की चाल लावणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा येतो, माझ्याही येतो, पण त्याच्या पोटात तीन वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात.

पहिली म्हणजे राग, गाण्यातला. तुमचा मुखडा मंद्र निषाद (खालच्या सप्तकातला नी), रिषभ, गंधार असा उठतो. यमन रागाच्या घरात शिरायचा तो दरवाजाच आहे, तिथून गेल्या शंभर वर्षांत कोण शिरलं नाही? भूप रागात बांधाल तर पाचच स्वर, मग दोन गाणी चुलत बहिणींसारखी दिसणारच. याला चोरी म्हणत नाहीत.

दुसरी म्हणजे चाल खरोखरच कुठूनतरी आली असेल. होतं असं. झोपेतून उठताना सुचलेली चाल बहुधा कुणीतरी आधी पेरलेली असते. त्यावर उपाय अगदी साधा: काकांना विचारायचं, “कुठलं गाणं? कुठली ओळ?” आठवलं तर दोन्ही ओळी एकापाठोपाठ गाऊन बघायच्या. गूगलच्या ॲपमध्ये २०२० पासून गुणगुणून गाणं शोधायची सोय आहे, तिथेही मुखडा गुणगुणून बघा. चार स्वर जुळले म्हणजे चोरी आणि तीन जुळले तर माफ, असा काही आकडा आपल्या कायद्यात नाही. लोक सांगतात तो आठ मात्रांचा नियमही बिनबुडाचा आहे. दोन्ही गाणी लागोपाठ ऐकून तिसऱ्या माणसाला काय वाटतं, एवढंच पाहायचं. जुळलंच, तर समेवरची (तालाच्या पहिल्या मात्रेवरची) जागा बदलून बघा, बहुतेकदा तेवढ्याने सुटका होते. आणि घरगुती मैफलीपुरतं तर जुनाच रस्ता आहे. संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर सरळ ‘चाल’ असं छापून ती कुठल्या गाण्याची ते सांगत. १८८२च्या ‘सौभद्र’ची जुनी प्रत हाती आली तर चाळून बघा. अण्णासाहेब किर्लोस्करांना त्यात लाज वाटली नाही.

तिसरी शक्यता मला सगळ्यात जास्त पटते, पण ती शेवटी सांगते.

आता गायक मित्र. तुम्हाला राग आलाय तो ‘आपलं गाणं’ या शब्दांचा, आणि अंतरा बदलल्याचा. दुसऱ्यापासून सुरू करू. तुम्ही लिहिलंय की गाणं काळी चारमध्ये (पेटीची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) आहे आणि अंतरा तार गंधारापर्यंत (वरच्या सप्तकातल्या ‘ग’पर्यंत) जातो. तुमच्या गळ्याला ते सोयीचं. पण पेटी त्याच पट्टीत ठेवून एखाद्या पुरुषाने तो तार गंधार लावायचा म्हणजे मानेच्या शिरा फुगणार, आणि खालच्या सप्तकात गायला गेला तर मुखड्याचा मंद्र निषाद घशातच विरणार. त्याने चाल बदलली नाही हो, वाकवली. वर जाता येईना म्हणून मधूनच वळला. पुढच्या वेळी काळी एकमध्ये पेटी धरा आणि त्याला तुमची चाल गायला सांगा. मग बदलली तर बदलली म्हणू.

शिवाय अंतऱ्यात एक अडचण तुमच्या बाजूची आहे. ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर’ ही ओळ मोजा. आठ अधिक आठ, भरगच्च सोळा. मुखड्यात दोन मात्रांचा जो श्वास होता तो इथे नाहीच. तुम्ही घरी बसून, पेटी हळू धरून गाता तेव्हा चालून जातं. काका उत्साहात लय चढवतात तेव्हा गाणाऱ्याचा दम सुटतो, आणि तो कुठेतरी शब्द खातो नाहीतर स्वर खातो. तुमच्या मित्राने केलेल्या बदलात मला गाण्याबद्दलची माहिती दिसते, फुकट मिळालेली. तो कुठे वळतो ते नीट ऐका. तिथेच दुरुस्ती आहे.

मागे भाचीच्या बारशाला मी पाळणा लिहिला होता. त्यात ‘मखमलीची दुलई’ होती, कारण पाळण्यात मखमल असते असं मला वाटायचं. मावशीने तो ऐन वेळी वहीशिवाय म्हटला आणि तिच्या तोंडून आलं, ‘आज्जीच्या साडीची गोधडी’. मात्रा जास्त झाल्या, तिने त्या कोंबल्या. मी जागच्या जागी चिडले. घरी येऊन वहीत खाडाखोड करून गोधडीच लिहिली, कारण पाळण्यात खरोखर अंथरली होती ती गोधडीच. अजून त्या ओळीला मात्रा जास्तच आहेत.

‘आपलं’ या शब्दाचं म्हणाल तर तो प्रेमाने आलेला असू शकतो. पण मनात खुटखुट राहणार असेल तर ती आत्ताच मोकळी करा, पुढे कार्यक्रमबिर्यक्रम ठरला की हेच दुखणं भांडण होतं. आपल्या कॉपीराइट कायद्यात (१९५७चा) गाण्याचे शब्द वेगळे आणि संगीत वेगळं धरलं जातं. एकाचे शब्द आणि दुसऱ्याची चाल असेल तर दोघांचा हक्क आपापल्या भागावर. तो हक्क निर्मितीबरोबर येतो; नोंदणी ऐच्छिक आहे, पुराव्याला उपयोगी पडते इतकंच. कवी-संगीतकाराच्या हयातीत आणि पुढे साठ वर्षं तो टिकतो. १९९४ची दुरुस्ती होईपर्यंत संगीत स्वरलिपीत उतरवलेलं असण्याची अट होती, आता ती नाही. तेव्हा ‘आधी कॉपीराइट घे’ म्हणणाऱ्या मैत्रिणीला सांगा, तो गाणं झालं त्या रात्रीच मिळालाय. तुम्ही एवढंच करा: गाणं पाठवताना त्याच मेसेजात लिहा, ‘शब्द आणि चाल माझी’. मित्राचा अंतरा ठेवायचा ठरवलात तर ‘अंतऱ्याची चाल अमुक यांची’ हेही लिहा. तारीख फोन टाकतोच. हे वाचायला कोरडं वाटतं, पण मैत्री टिकवायला बरं असतं.

आणि नाव गाण्यातच गुंफायची आपली पद्धत विसरू नका. ‘तुका म्हणे’ काय, बंदिशीतलं ‘सदारंग’ काय. शेवटच्या कडव्यात एखादी मुद्रा टाकून बघा, गंमत म्हणून. गाणाऱ्याला गाताना तुमचं नाव घ्यावंच लागेल.

चोरीच्या भीतीबद्दल मात्र थोडं परखड बोलते. घराण्यांतले उस्ताद एकेकाळी चीजा (बंदिशी) लपवून ठेवत, अस्ताई म्हणजे पहिला भाग शिकवली तरी अंतरा हातचा राखत. संगीतशास्त्री भातखंड्यांनी ठिकठिकाणी फिरून, विनवण्या करून त्या जमवल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत छापल्या, म्हणून आज विद्यार्थ्यांच्या हाती आहेत. राखून ठेवलेल्या कितीतरी गेल्या असतील. हौशी माणसाच्या गाण्याला चोराचा धोका फारसा नसतो. ते कुणाच्याच गळ्यात न बसण्याचा धोका मोठा असतो. तुमच्या गाण्याला तर घरबसल्या एक गळा मिळालाय, आणि तुम्ही त्याच्यावर नाराज आहात.

अर्धवट गाणी दाखवू नयेत ना, असं तुम्ही विचारलंत. माझं मत नेमकं उलट आहे. पूर्ण झालेलं, अंतरे-बिंतरे लावून रेकॉर्ड केलेलं गाणं समोर आलं की ऐकणाऱ्याला दोनच गोष्टी करता येतात, छान म्हणणं किंवा खोट काढणं. मुखडा आणि अर्धा अंतरा घेऊन गेलात तर तिसरी गोष्ट करता येते. तो हात लावू शकतो. “इथून मुखड्यावर परत यायला जमत नाहीये, काय करू?” म्हटलं की सहाच्या सहाजण पेटीभोवती गोळा होतात की नाही बघा. पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या चाली गाऊन गाऊन या लोकांच्या कानात केवढं साठलंय! ते अंगठ्यात मावत नाही.

विचारताना ‘कसं वाटलं?’ हा प्रश्न मात्र वर्ज्य. त्याला ‘छान’ याशिवाय उत्तर नाही. मी आमच्याकडे असं करते: पहिल्यांदा गाणं ऐकवायचं, शब्द कुणाच्या हातात द्यायचे नाहीत. दुसऱ्यांदा शब्दांचा कागद द्यायचा, आणि एकच नेमकं विचारायचं: लक्ष कुठे उडालं? कुठला शब्द कळला नाही? अंतऱ्याची तिसरी ओळ पहिलीसारखीच वाटते का? उत्तरं येत असताना खुलासे करायचे नाहीत, नुसतं लिहून घ्यायचं. ‘अहो, तिथे माझ्या मनात असं होतं की...’ हे वाक्य जिभेवर आलं की चहा ठेवायला उठायचं. आणि चहा पिऊन झाल्यावर, विषय बदलून गेल्यावर, कुणालातरी सहज म्हणायचं, मुखडा गुणगुण जरा. जे गुणगुणतील ते खरं. शब्द विसरून चाल आठवली, की चाल विसरून ‘ते पंख्याचं काहीतरी’ आठवलं? या एका गोष्टीवरून मला माझ्या गाण्याबद्दल जितकं कळतं तितकं स्तुतीने किंवा टीकेने कधी कळलं नाही.

हे दर रविवारी करू नका. लोक गायला येतात, परीक्षक व्हायला नाही. महिन्यातून एक रविवार, एक गाणं. आणि पुढच्या वेळी तुमचं गाणं काढायच्या आधी इतरांना विचारा, “तुमच्यापैकी कुणी काही लिहिलंय का?” पत्रात तुम्ही इतक्या तपशिलात सगळ्यांबद्दल लिहिलंत, पण त्यांची गाणी ऐकल्याचं कुठे नाही. सहाजणांत वही लपवून ठेवलेली तुम्ही एकट्याच असाल यावर माझा विश्वास नाही. तबल्यावर बसणारी माणसं बोल बांधतात, कधीकधी शब्दही बांधतात, आणि त्यांना कुणी विचारत नाही.

ज्यांच्याजवळ असा रविवारच नाही, त्यांचीही पत्रं येतात. कुणी इंदूरला, कुणी बडोद्याला, कुणी थेट डॅलसला, आणि चार मैलांत पेटी वाजवणारं माणूस नाही. त्यांच्यासाठी थोडं. व्हिडिओ कॉलवर एकत्र गायचा हट्ट सोडा, आवाज मागेपुढे पोचतो, ताल जुळत नाही, आणि दोघंही वैतागता. त्यापेक्षा एकाने ठेक्याच्या ॲपवर लय ठरवून पेटी-गळा रेकॉर्ड करावा, दुसऱ्याने त्यावर आपली भर घालून परत पाठवावी. सोबत पट्टी आणि लय लिहायची. व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलं तर आवाज दाबला जातो. ध्वनिफीत डॉक्युमेंट म्हणून जोडली तर जशीच्या तशी जाते. फोन पेटीवर ठेवू नका, भात्याचा धप्प-धप्प आवाज गाण्यावर चढतो. हातभर लांब, घडी घातलेल्या टॉवेलवर, तोंडाच्या बाजूला ठेवा. पंखा बंद करा. (हो, तोसुद्धा.) मोठा ग्रुप शोधत बसू नका. नेमकं ऐकणारं एक माणूस सापडलं तरी वर्षभराचं काम होतं.

यजमानांचा स्टुडिओचा सल्ला मायेपोटी आहे, त्यांच्यावर चिडू नका. पण स्टुडिओत गाणं गोठतं. वाद्यमेळाचे पैसे दिल्यावर अंतऱ्याची ओळ बदलायला जीव धजत नाही. तुमचं गाणं अजून हलतंय, निदान एक ओळ तरी. ते हलायचं थांबलं, सहा महिने तुम्ही त्यात काही बदललं नाहीत, की जा खुशाल. तोवर यूट्यूबवरचे आकडे बघून झोप उडवून घेण्यात काही हशील नाही. ग्रुपवरच्या तीन अंगठ्यांनी ही अवस्था झालीये!

एक गोष्ट तुमच्या पत्रात शोधूनही सापडली नाही. मुलीने गाणं ऐकलं का? तुम्ही तिला पाठवलंत का? मला वाटतं नाही पाठवलं. म्हणजे जिला उद्देशून ‘तुझ्या’ म्हटलंय ती सोडून बाकी पाचजणांना पाठवलंत, आणि त्यांच्याकडून ते मिळेना म्हणून वही कपाटात गेली. त्यांच्याकडून लय, पट्टी, श्वास, शब्द यांच्यावर जे मागायचं ते मागा. बाकीचं त्यांच्याकडे नाहीच आहे. तिला पाठवताना मात्र ‘कुठे लक्ष उडालं’ वगैरे विचारू नका, नुसतं पाठवा.

आता ती राहिलेली तिसरी शक्यता. काकांनी ‘कुठेतरी ऐकल्यासारखं’ म्हटलं तेव्हा त्यांच्या कानात तुमची चाल नसेलच कदाचित. ‘आठवणींच्या हिंदोळ्यावर’ असेल. तो हिंदोळा मीही ऐकलाय, सगळ्यांनी ऐकलाय, शाळेच्या स्नेहसंमेलनापासून निवृत्तीच्या निरोपसमारंभापर्यंत तो झुलत असतो. मुखड्यातला पंखा तुमच्या घरचा, अंतऱ्यातला हिंदोळा सार्वजनिक बागेतला. ओळ तुटतेही तिथेच, दम सुटतोही तिथेच, तुमचा मित्र वळतोही तिथेच. त्या जागी तिच्या खोलीतलंच दुसरं काहीतरी ठेवून बघा, चौदा मात्रांत बसणारं. चार्जर राहिलाय का तिचा? कपाटाच्या दारावर चिकटवलेलं काही?

रविवारी काकांना विचारा, नेमकं काय ऐकल्यासारखं वाटलं. त्यांचं उत्तर मला कळवा. मी हिंदोळ्यावर पैज लावून बसले आहे.